लपतछपत खेळायच्या गेम्सची मजा नेमकी कशात आहे?

निशाचर

स्टेल्थ गेमचं नाव काढलं की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली, "कोपऱ्यात दबा धरून बसायचं, यात कसली आलीये मजा?" आणि दुसरी, "हातात बंदूक दिलीये ना, मग चालव की!" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. समोरच्याला काय माहीत आहे, हे आपल्याला नेमकं माहीत असतं, ही खरी गंमत. पहारेकऱ्याला डोळ्यांसमोरचं तेवढं दिसतं. आपल्याला मात्र तो कुठून येतो, कुठे थबकतो आणि किती वेळ पाठ करून उभा राहतो, हे सगळं ठाऊक असतं. या तफावतीवर अख्खा गेम चालतो. ती वाढवत नेली की डाव पुढे सरकतो, संपली की बोंब.

हा प्रकार रुळला तो यंत्राच्या अडचणीमुळे. १९८७ साली एमएसएक्स-२ या संगणकासाठी हिदेओ कोजिमांनी 'मेटल गिअर' केला, तेव्हा त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी फार शत्रू आणि गोळ्या पेलवत नव्हत्या. त्यामुळे लढाईऐवजी चुकवाचुकवीचा खेळ झाला. त्याआधी १९८१ चा 'कॅसल वुल्फेनस्टाइन' होताच. पण आज आपण ज्याला स्टेल्थ म्हणतो त्याचा साचा पडला १९९८ मध्ये. 'तेन्चू', 'मेटल गिअर सॉलिड', 'कमांडोज' आणि 'थीफ' हे चारही त्याच एका वर्षातले.

आता आतली यंत्रणा. बहुतेक गेममध्ये पहारेकऱ्याच्या चार अवस्था असतात: निवांत, संशय, शोध आणि हल्ला. यातली संशयाची अवस्था सगळ्यात सुंदर. आपण दिसलो की अलार्म लगेच वाजत नाही, एक मीटर भरायला लागतो. अंतर कमी असेल, उजेड असेल, आपण उभे किंवा पळत असू, तर तो झपाट्याने भरतो. लांबवर, अंधारात, वाकून असलो तर सावकाश. मीटर पाऊण भरलेला असताना खांबाआड सरकायचं, पहारेकरी दोन पावलं पुढे येणार, "काही नाही, उंदीर असेल" असं काहीतरी पुटपुटून परत फिरणार. या आठ-दहा सेकंदांसाठी लोक हे गेम खेळतात.

तुम्हाला काय वाटतं? आणि कोणत्या गोष्टीने ही मजा जाते, तेही लिहा.


चोरपाऊल

लेख आवडला, पण तुम्ही सगळं डोळ्यांवरच लिहिलंत. कान राहिले.

'थीफ'मध्ये आवाज सरळ रेषेत भिंतीतून जात नाही. तो खोल्या आणि दारांच्या वाटेने फिरतो. पलीकडच्या खोलीतला पहारेकरी भिंतीमुळे अगदी जवळ भासला, तरी दार लांब असेल तर त्याला तुमची चाहूल उशिरा आणि मंद लागते. तुम्हालाही त्याची पावलं त्याच नियमाने ऐकू येतात. म्हणून तो गेम हेडफोन लावूनच खेळावा, स्पीकरवर निम्मी माहिती वाया जाते.

दुसरं म्हणजे जमीन. गालिचा आणि गवत मऊ, लाकूड मधलं, फरशी वाईट, लोखंडी जाळी सगळ्यात वाईट. फरशीवरून जायचंच असेल तर शेवाळाचा बाण मारायचा, तेवढा तुकडा मऊ होतो. पाण्याच्या बाणाने मशाल विझते, पण विजेचा दिवा विझत नाही. त्यासाठी बटण शोधा नाहीतर वाट बदला. दोराचा बाण फक्त लाकडात रुततो, दगडावर आपटून फुकट जातो. नवखे तिथेच दोन-तीन बाण घालवतात.

आणखी एक बारकावा. पडद्याच्या खाली मध्यभागी जो प्रकाशाचा खडा असतो, तो तलवार उपसल्यावर जास्त उजळतो. म्हणजे हत्यार म्यानाबाहेर काढलं की तुम्ही जास्त दिसता. बरेच जण तलवार हातात घेऊनच अंधारातून चालतात आणि "अंधारातही कसं दिसलं" म्हणून गेमला शिव्या घालतात.


टवाळखोर

वाचायला भारी वाटतंय सगळं. प्रत्यक्षात काय होतं? दोन मिनिटं खांबाआड उभं राहायचं, पहारेकऱ्याने बघितलं की लोड, परत दोन मिनिटं खांबाआड. सेव्ह-लोड, सेव्ह-लोड. यात कौशल्य कमी आणि चिकाटी जास्त. गंमत पहिल्या तासाला, नंतर हमाली.


निशाचर

@टवाळखोर, दुखणं खरं आहे, निदान वेगळं आहे. खांबाआड दोन मिनिटं उभं राहावं लागत असेल, तर बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. जिथून एकच पहारेकरी दिसतो तिथे वाट बघणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. जिथून दोघातिघांच्या गस्तीचे रस्ते एकमेकांना कुठे छेदतात ते दिसतं, तिथे एक पूर्ण फेरी बघितली तरी पुढच्या पाच मिनिटांची आखणी होते.


अडगळ

टवाळखोरांच्या मुद्द्यावर गेम बनवणाऱ्यांनीही भरपूर डोकं लावलंय, आणि उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

'शॅडो टॅक्टिक्स' (२०१६) म्हणतो, सेव्ह करा, खुशाल करा. शेवटचं सेव्ह करून मिनिट उलटलं की पडद्यावर आठवण करून देतो. कारण तिथे प्रत्येक चौक हे स्वतंत्र कोडं आहे. कोडं फसलं तर तेवढंच पुन्हा मांडायचं. दिसण्याचा कोनही उघड दाखवतो: भरीव भागात काहीही केलं तरी दिसता, पट्ट्यापट्ट्यांच्या भागात वाकून गेलात तर दिसत नाही. नियम इतके स्वच्छ असले की लोड करण्याचा कमीपणा वाटत नाही.

'हिटमॅन'ची मास्टर पातळी दुसऱ्या टोकाला. अख्ख्या मोहिमेत एक सेव्ह. आणि 'इन्व्हिजिबल इंक' (२०१५) मध्ये सेव्हच्या जागी ठरावीक रिवाइंड (खेळलेली चाल मागे घेण्याची संधी) मिळतात, कठीण पातळीवर कमी.

व्यवहारातला तोडगा असा: सेव्ह करायचं ते टप्पा पार पडल्यावर, टप्प्याच्या मधोमध कधीच नाही. पहारेकरी वळायच्या क्षणी केलेलं क्विकसेव्ह हे हमखास जाळ्यात अडकवतं, कारण लोड झाल्यावर प्रतिक्रिया द्यायला अर्धा सेकंदही उरत नाही. दोन वेगळे सेव्ह आलटून पालटून वापरा. आणि दिसलात की लगेच लोडचं बटण दाबू नका, आधी पळून बघा.


गुपचूप_गुरव

शेवटच्या वाक्याला +१. 'मेटल गिअर सॉलिड ५' (२०१५) मध्ये पळणं हाच निम्मा खेळ आहे.

तिथे दिसल्यावर काही क्षण काळ मंदावतो. तेवढ्यात बघणाऱ्याच्या डोक्यात गुंगीची गोळी बसली तर अलार्म होत नाही. अंगावर मारली तर गुंगी चढायला वेळ लागतो आणि तोवर तो ओरडून मोकळा होतो. गुंगीच्या पिस्तुलाची गोळी लांबवर खाली येते, म्हणून दूरच्याला मारताना नेम डोक्याच्या थोडा वर धरायचा. सायलेन्सर झिजतो, तो किती उरलाय यावर नजर ठेवा. आणि झोपवलेला माणूस वाटेत ठेवू नका, साथीदार लाथ घालून उठवतो.

पण गेमचं खरं मर्म निराळंच. शत्रू तुमच्या सवयी शिकतात. सारखे डोक्यात नेम धराल तर शिरस्त्राणं येतात. कायम रात्री जाल तर रात्री दिसणारे चष्मे. गॅस वापराल तर मुखवटे. म्हणजे जी युक्ती जमली तीच तुमच्यावर उलटते, आणि सुरक्षित वाटलेली पद्धत सोडावी लागते. त्यावर उपायही गेममध्येच आहे: आपली माणसं पाठवून त्यांचा तो पुरवठा तोडता येतो.

ठाण्यावर जाताना क्रम असा ठेवा. लांबून दुर्बिणीने सगळ्यांना खुणा करून घ्या. मग संपर्काचं यंत्र निकामी करा, म्हणजे शेजारच्या ठाण्याला खबर जात नाही. रात्र असेल तर वीजपुरवठ्याची पेटी बंद करा. माणसांना हात घालायचा तो यानंतर. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याच पहारेकऱ्याला झोपवतात आणि मग खुणा करत बसतात.


खिडकीतून

अंधार, सावल्या, छप्परं याच्या पलीकडेही स्टेल्थ आहे, आणि माझ्या लेखी ते जास्त मजेदार: भर गर्दीत, लख्ख उजेडात, सगळ्यांच्या नाकासमोरून. 'हिटमॅन', म्हणजे सुपारी घेऊन मारणाऱ्याचा गेम.

पॅरिसची पहिली मोहीम घ्या (२०१६). राजवाड्यात फॅशन शो चालू आहे, लक्ष्यं दोन: व्हिक्टर नोविकोव्ह आणि डालिया मार्गोलिस. हेल्मुट क्रूगर नावाचा मॉडेल नदीकाठी फोनवर बोलायला बाहेर येतो. तिथे फारसं कोणी नसतं. त्याला बेशुद्ध करा, कपडे घाला, बॉडी पेटीत टाका. मग मेकअपच्या खुर्चीत बसा आणि सरळ रॅम्पवर चाला. शेकडो लोक तुमच्याकडे टक लावून बघताहेत आणि एकालाही काही खटकत नाही. नंतर डालियाच तुम्हाला खासगी भेटीला बोलावते. अंधारात लपण्यापेक्षा हा उद्दामपणा कितीतरी जास्त झिंग आणतो.

पण वेषांतर म्हणजे अदृश्य होणं नव्हे. त्या वेषातल्या माणसांना ओळखणारे काही जण असतात, त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. शेफच्या वेषात बाकी सगळे चालतील, मुख्य शेफ नाही. अशांच्या पाठीमागून जायचं, किंवा भांडी घासणं, बार पुसणं अशा एखाद्या कामात मिसळायचं, म्हणजे त्यांची नजर सरकते.

मोहिमेअखेर 'सायलेंट असॅसिन' हा शेरा हवा असेल तर चार अटी: लक्ष्याशिवाय कोणी मरता कामा नये, कोणी गैर करताना बघता कामा नये, बॉडी सापडता कामा नये, कॅमेऱ्यात येता कामा नये. कॅमेऱ्यात आलात तरी रेकॉर्डिंगचं यंत्र शोधून पुरावा नष्ट करता येतो. आणि अपघाती मृत्यूची बॉडी सापडली तर ती धरली जात नाही. म्हणून सुरी-पिस्तुलापेक्षा झुंबर बरं. नोविकोव्हला तर त्याच्या आवडत्या कॉकटेलमध्ये उलटीचं औषध घालून न्हाणीघरापर्यंत आणता येतं. तिथे डोकं बुडवलं की तोही अपघातच.

कुठे फसतं? एका पेटीत दोनच बॉड्या मावतात. तिसऱ्याला बेशुद्ध केल्यावर लोकांच्या हे लक्षात येतं. दुसरं म्हणजे, 'हिटमॅन २' (२०१८) पासून आरशातही दिसतं. पाठमोरा उभा असलेला माणूस आरशासमोर असेल तर तो पाठमोरा नाही!


टवाळखोर

@खिडकीतून, हे पटलं. झुंबराचं तर फारच. पण या गेम्सना ॲक्शनमध्ये धरतात, ते मग का?


खिडकीतून

कारण झुंबर पडल्यावर पळावं लागतं. :)


चोरपाऊल

गमतीचं उत्तर आहे, पण मुद्दा बरोबर आहे. नुसतं कोडं असतं तर काळ थांबला असता. इथे काळ चालू असतो, तुमचे हात चुकू शकतात, आणि चुकल्यावर सावरायची संधी असते. 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी' (२००५) मध्ये आवाजाचा मीटर आहे, त्यावर भोवतालचा आवाज किती आहे त्याचीही खूण असते. तुमचा आवाज त्या खुणेखाली राहिला तर ऐकू जात नाही. यंत्र घरघरत असेल तिथे झपझप चाला, शांत कॉरिडॉरमध्ये रांगा. पीसीवर चालण्याचा वेग माउसच्या चाकाने ठरतो, म्हणजे एकेक खाच पुढे करत अगदी काठावर राहता येतं. ही ॲक्शनच आहे, फक्त बोटांची आणि बारीक.

पिस्तुलाला जोडलेल्या ओसीपी नावाच्या उपकरणाने दिवा किंवा कॅमेरा थोडा वेळ बंद पडतो. गोळीने फोडलेला दिवा कायमचा जातो, पण त्यामुळे पहारेकरी सावध होतो. ओसीपीने मिनमिनलेला दिवा त्याला साधा बिघाड वाटण्याची शक्यता जास्त. किती बारीक विचार आहे बघा.


नवशिका_बोका

धागा वाचतोय, छान माहिती. एक प्रश्न. हे सगळं कळूनही सारखं पकडलं जायला होतं. एकाला गुपचूप आडवं करावं तर दुसरा कुठूनतरी उगवतो. काय चुकत असेल?


अडगळ

@नवशिका_बोका, बहुतेकांचं याच चार ठिकाणी चुकतं. बारा गेमला लागू पडेल असं लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जो जवळ आहे त्याला आधी उचलणं. जवळ कोण आहे याला महत्त्व नाही, त्याच्याकडे कोण बघतंय याला आहे. आडवं करण्याआधी स्वतःला विचारायचं: पुढच्या अर्ध्या मिनिटात या जागेवरून कोण जाणार किंवा इकडे बघणार? उत्तर "कोणीतरी" असेल, तर त्या कोणीतरीला आधी. म्हणजे बाहेरून आत यायचं. कडेला एकटा उभा असलेला, ज्याच्याकडे कोणाचीच नजर नाही, तो पहिला, चौकातला शेवटचा.

आवाज काढून बोलावताना दगड किंवा नाणं स्वतःच्या जवळ टाकतात, हे दुसरं. पहारेकरी आवाजाच्या जागी येतो, तुमच्याकडे नाही. म्हणून नाणं अशा ठिकाणी पडायला हवं की तिथे बघताना त्याची पाठ तुमच्याकडे होईल. त्याच्या पलीकडे टाका, अलीकडे नको. दोघे उभे असतील तर काही गेममध्ये एकच येतो, काहींमध्ये दोघेही. आधी एकदा लांबून करून बघावं. आणि जे जागा सोडतच नाहीत त्यांच्यावर नाणं वाया घालवू नका. 'शॅडो टॅक्टिक्स'मधले गवती टोपीवाले तसेच, काही केलं तरी हलत नाहीत.

तिसरं, बॉडी. आडवं करण्यापूर्वी लपवायची जागा ठरलेली हवी. खांद्यावर ओझं घेऊन जागा शोधणारा हमखास सापडतो, कारण तेव्हा वेग कमी असतो आणि बहुतेक गेममध्ये हत्यारही वापरता येत नाही. बर्फ असेल तर पावलांचे ठसेही उरतात आणि पहारेकरी त्यांचा माग काढतात. 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये हे १९९८ लाच होतं.

चौथी चूक घाईची. संशय येऊन गेला, मीटर उतरला, की लोक लगेच बाहेर येतात. पहारेकरी परत आपल्या वाटेला लागून त्याची पूर्वीची चाल दिसेपर्यंत थांबा. काही गेममध्ये एकदा संशय आलेला माणूस नंतर वेगळ्या वाटेने फिरतो, म्हणजे तुमची आधीची आखणी रद्द.

आणि हो, आडवं करणं गरजेचं आहे का हेही बघा. पुष्कळदा नसतंच.


गुपचूप_गुरव

शेवटचं वाक्य सोनेरी अक्षरात. 'थीफ'च्या एक्स्पर्ट पातळीवर माणसं मारायला बहुतेक मोहिमांत बंदीच आहे. 'डिसऑनर्ड'मध्ये (२०१२) मारू शकता, पण जितके जास्त माराल तितके शहरात उंदीर आणि रोगी वाढतात.

त्यातली एक गंमत, माहीत नसेल तर उपयोगी पडेल. आडोशामागून फक्त डोकं बाहेर काढून डोकावलात तर पहारेकऱ्यांना तुम्ही दिसत नाही, धड आड असलं की पुरे. हे वास्तवाला धरून नाही, पण खेळायला फार बरं. याउलट अंधारावर तिथे भिस्त ठेवू नका. तो लांब अंतरावरच उपयोगी पडतो, जवळ आल्यावर अंधार असो की उजेड, सारखंच. 'थीफ' खेळून आलेले इथेच मार खातात.


खिडकीतून

निशाचर यांनी विचारलं होतं की मजा कशाने जाते. माझ्याकडून तीन.

भिंतीपलीकडचं सगळं दाखवणारी नजर. ती दिली की माणूस दृश्य सोडून रंगीत आकृत्यांकडे बघत खेळतो, कानोसा घेणं संपतं. बहुतेक गेममध्ये ती सेटिंगमधून बंद किंवा कमी करता येते, करावी. 'मार्क ऑफ द निंजा'ने (२०१२) अशी जास्तीची माहिती आधी देऊन मग काढून घेण्याचा सुरेख उपयोग केला आहे. आधी प्रत्येक आवाज गोल वलयासारखा पडद्यावर दाखवतो, कुठपर्यंत ऐकू जाणार ते अचूक कळतं. गेम संपवून पुन्हा सुरू केलात की ती वलयंही काढून घेतो आणि पाठीमागचंही दिसेनासं करतो. तोवर अंतरं अंगात मुरलेली असतात.

दुसरं, कंबरेएवढ्या गवताचे चौकोन. गवतात शिरलं की अदृश्य, शीळ घातली की एकेक करून येतात आणि पडतात. एका गवतात सहा बॉड्या पडल्यावर सातव्याला शंका येऊ नये?

तिसरं, मारामारीच्या गेममध्ये मध्येच सक्तीची लपाछपी, दिसलात की थेट सुरुवातीपासून. तिथे संशयाची पायरी नाही, सावरायची संधी नाही. स्टेल्थला बदनाम यानेच केलंय.


टवाळखोर

तिसऱ्या मुद्द्याला प्रचंड अनुमोदन. माझा सगळा राग तिथलाच असावा.


नवशिका_बोका

सगळ्यांचे आभार. सुरुवात कशाने करावी? आणि कोणत्या पातळीवर?


निशाचर

@नवशिका_बोका, 'मार्क ऑफ द निंजा'ने करा. बाजूने दिसणारा सपाट गेम असल्याने कोण कुठे आहे हा गोंधळ होत नाही आणि आवाज-उजेड दोन्हींचे नियम डोळ्यांना दिसतात. त्यानंतर 'हिटमॅन'ची पॅरिस मोहीम, मधल्या पातळीवर. एकदा संपवून पुढे जाऊ नका. तीच मोहीम चार-पाच वेगळ्या वाटांनी खेळा, कारण तिची रचनाच तशी आहे. पहिल्या वेळी मार्गदर्शन चालू ठेवा, दुसऱ्यांदा सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

'थीफ' शेवटी, आणि एक्स्पर्टवर. खालच्या पातळीवर उद्दिष्टं कमी असतात, त्यामुळे नकाशाचे मोठे भाग बघायचेच राहून जातात. हेडफोनचं चोरपाऊल यांनी सांगितलंच आहे. पडद्याचा उजेड मात्र वाढवू नका. अंधार उजळून घेतला तरी प्रकाशाचा खडा आपल्या हिशोबानेच चालतो, आणि मग तुम्हाला एक दिसतं, पहारेकऱ्याला दुसरंच.